दुखलं असतं तर

इस्त्रीवाल्या काकूंनी निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडण्यात घालवलं. लॉन्ड्रीत लागल्या तेव्हा अंगाने काडी होत्या. पण जड इस्त्री दिवसभर ढकलून त्यांचा उजवा हात चांगला तयार झाला. शाळेच्या संघाचे कपडे घेऊन येणारे व्हॉलीबॉलचे सर त्या हातावरच भाळले, असं तिथल्या बायका म्हणत. "हातावर कसले भाळतात! कपडे फुकटात इस्त्री होतील म्हणून लग्न केलं यांनी," असं काकू सरांच्या तोंडावर सांगत, आणि सर हसून मान डोलावत.

पुढे सरांच्या मणक्याचा आजार वाढला आणि कमरेखालचं अंग गेलं. काकूंनी नोकरी सोडली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा पलंगावर, हे सगळं उचलणं त्यांनी एकटीने अंगावर घेतलं. सरांच्या बहिणीने एकदा सुचवून पाहिलं, "वहिनी, शहराबाहेर चांगलं शुश्रूषागृह आहे. तिथे ठेवूया का दादाला?"

"माझे दोन्ही हात चालताहेत तोवर हा विषय या घरात काढायचा नाही," काकू म्हणाल्या. अट त्यांची त्यांनीच घातली होती, त्यामुळे बोल लावायला दुसरं कुणी नव्हतं.

आणि मग एक दिवस न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. सर बाहेर खुर्चीत होते. काकूंनी पडता पडता भिंतीवरची दांडी धरली आणि उजव्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"काय गं पडलं?" सरांनी विचारलं.

"साबण," काकू म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. चहा डाव्या हाताने ओतायला लागल्या, वरच्या फळीवरचे डबे खाली आणले आणि सरांना उचलताना सगळा भार डाव्या अंगावर घ्यायला शिकल्या. रात्री उजव्या कुशीवर वळल्या की तोंडात पदराचा बोळा कोंबत. पण सरांनी तीस वर्षं पोरांचे खांदेच पाहिले होते. एके सकाळी काकू वेणी घालताना हात डोक्याकडे न नेता डोकं हाताकडे नेत होत्या, आणि सर पलंगावरून ते बघत होते.

"इकडे ये. माझ्यासमोर बस."

चोराच्या मनात चांदणं. काकूंनी मनाशी ठरवलं, काहीही झालं तरी तोंडातून 'आई गं' काढायचं नाही. तेवढं जमलं की सुटले.

"हात बाजूने वर घे. खांदा कानाला लावू नकोस. आणि अंग कशाला वाकवतेस?"

"वय झालं, अंग वाकणारच."

"आता दोन्ही हात पुढे, थोडे बाहेरच्या बाजूला. अंगठे खाली. मी दाबतो, तू दाबू देऊ नकोस."

डावा हात जागचा हलला नाही. उजवा खाली गेला. कळ दातापर्यंत पोचली, पण काकूंनी चेहरा ढिम्म ठेवला. "सकाळपासून खाल्लं कुठे आहे मी? जोर कुठून येणार?"

सरांनी काकूंचं उजवं कोपर अंगालगत धरलं, हात कोपरात वाकवला आणि पंजा हळूच बाहेरच्या बाजूला नेला. "आता इथेच धर. मी मनगट सोडतोय."

काकूंनी दात आवळले. सरांनी मनगट सोडलं आणि पंजा आपला आपण परत येऊन पोटावर आपटला. जराही दुखलं नाही. दुखलं असतं तर त्यांनी लपवलं असतं; हे लपवायचं कसं, ते त्यांना कळेना.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं."

सरांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा काकूंनी स्वतःच पंजा बाहेर नेऊन ठेवला आणि डाव्या हाताने धरून ठेवला, तेव्हा सरांनी तो डावा हात हळूच बाजूला केला.

"स्नायू हाडापासून सुटलाय," सर म्हणाले. "डॉक्टर फोटो काढून बघतील, पण मला तरी शंका नाही. आजपासून मला उचलायचं नाही. माझ्या बहिणीला फोन लाव, त्या शुश्रूषागृहाचं विचार."

"नाही लावणार."

"मग मी खुर्चीत बसणार नाही. इथेच पडून राहीन."

काकूंचा आवाज चढला. "तुम्हाला जायचंच होतं! परीक्षेचं नुसतं निमित्त!" आणि मग त्या रडल्या, अगदी लहान पोरीसारख्या नाक ओढत. सरांनी त्यांना रडू दिलं.

"शस्त्रक्रिया होईल, हात गळ्यात राहील, मग व्यायाम," सर म्हणाले. "तू बरी झालीस की मला परत आण."

"या वयात हे पुन्हा चिकटतं का हो? तुम्हाला उचलण्याइतकं?"

खांद्याच्या बाबतीत सर कधी कुणाला खोटा धीर देत नसत. आपल्या सगळ्यांत लाडक्या खेळाडूला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, बाळा, तुझा खेळ संपला. आणि त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते.

"चिकटतं की," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "अगदी पहिल्यासारखं होतं."

काकू बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि नणंदेला फोन लावायला उठल्या.