मथुराबाईंच्या मुलाची रजा

मथुराबाई कुणाला "कशी आहेस" असं कधी विचारत नसत. आमच्या इमारतीच्या फाटकाशी सिमेंटचा बाक आहे. तिथे येऊन टेकणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांचा एकच प्रश्न असे, "पोरगा कवा येनार? रजा मिलाली का?"

उलव्याकडची त्यांची जमीन विमानतळात गेली आणि त्या पनवेलला आमच्याच मजल्यावर राहायला आल्या. पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "माज्या पोराला रजाच नाय." मला वाटलं, कुठल्यातरी कंपनीत असेल. मी म्हटलं, "अहो, असं कसं? युनियन नाही का तिथे?"

पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "युनियन! बाय, तो जेलमदी हाय. दोन मानसं मारलीन त्यानं."

मुलाचं नाव दामोदर. बांधाच्या भांडणात त्याने गावातल्या दोन तरुणांना कोयत्याने मारलं आणि त्याला जन्मठेप झाली. पॅरोललाही रजाच म्हणतात, हे मला त्या बाकावर कळलं. एकदा तो गावच्या जत्रेला रजेवर येऊन गेला होता. पुढे नियम कडक झाले. एकाहून अधिक खून केलेल्याला आता नेहमीची रजा नाही, असं वकिलाने मथुराबाईंना सांगितलं. आई किंवा बाप गेला, तर पोलीस बंदोबस्तात काही तास आणतील, तेवढंच.

"म्हनजे मी मेली का त्याला रजा," मथुराबाई शेंगा सोलता सोलता म्हणत. जणू मुंजीचा मुहूर्त सांगताहेत.

"नियम बरोबरच आहे," मी एकदा जरा तोडूनच बोलले.

"बरोबर हाय गो. त्या दोगांच्या आया हायेत ना गावात. त्यांची पोरा कंच्या रजेवर येनार?"

नातवंडांनो, त्या दोन आयांचा विचार माझ्याही मनात येई. तरी मला मथुराबाईंचा हेवा वाटे. तुरुंगातून फोनवर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत दामोदर विचारी, "आये, जेवाला काय केलंस?" आणि त्या सुकट कशी परतली ते मसाल्यासकट सांगत. तुमचे बाबा तिकडून फोनवर माझं ब्लडप्रेशर विचारतात. आकडा सांगितला की आमचं बोलणं संपतं. जत्रा जवळ आली की मथुराबाई दामोदरची गादी गच्चीवर उन्हात घालत. तो येणार नाही हे ठाऊक असूनही. इथे तुमच्यासाठी ठेवलेल्या खोलीतल्या नव्या गादीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे.

तर त्या दिवशी बाकावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आमच्या मुलालाही रजा मिळत नाही. चार वर्षं झाली." बरोबरी साधल्यासारखं वाटलं.

मथुराबाईंनी शेंग सोलायची थांबवली. "का गो बाय? त्यानं किती मारली?"

सगळा बाक हसला. मी उठून वर आले आणि आठवडाभर खाली गेले नाही. शेवटी मथुराबाईच त्या सुकटीची वाटी घेऊन दारात आल्या. "रुसू नको गो. तुजा पोरगा मोकला हाय. माज्यापरीस तुजं बरं." वाटी मी घेतली.

गेल्या आषाढात मथुराबाई झोपेतच गेल्या. दुपारी पोलिसांची गाडी आली. शिपायाने दारात बेडी काढली. दामोदर म्हणजे एक पिकल्या केसांचा, वाकलेला माणूस निघाला. त्याने आईचे तळवे स्वतःच्या गालांना लावले. "आये, मी आलू गो. रजा मिलाली." मग मान वर करून समोर मीच होते म्हणून मला विचारलं, "काल काय जेवली ती?"

"सुकट आणि भात," मी सांगितलं. त्याने मान हलवली. कशी परतली होती ते जणू त्याला दिसलं.

त्याने खांदा दिला, अग्नी दिला आणि गाडी त्याला घेऊन परत गेली. मला त्या मेलेल्या बाईचाही हेवा वाटला.

रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, डिसेंबरात रजा मिळणं कठीण दिसतंय." मी नेहमीसारखं "असू दे" म्हटलं. मथुराबाईंचा त्या दिवशीचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता, पण मुलाला विचारवेना. तुम्ही विचारू शकता. हे वाचून झालं की बाबांजवळ जा आणि विचारा, "बाबा, तुम्ही किती मारली?"