टॉलेमी विवरातली सावली

त्या संध्याकाळी माझा मोठा भाऊ गोदामाच्या पाण्याच्या टाकीवरून पडला आणि गेला.

मी ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं नोंदवते, चाळतेही... विश्वास कधीच ठेवला नाही. म्हणून हे लिहायला इतका वेळ घेतला.

भिवंडीजवळच्या वळ गावात आमच्या सामाईक जमिनीवर काकांनी गोदाम बांधलं. दादाने हिश्श्याच्या कागदावर सही दिली नव्हती. त्याचं चित्त चंद्रात. टाकीवर दुर्बीण लावायचा, व्हिडिओ घ्यायचा आणि हजारो फ्रेम्समधल्या स्थिर तेवढ्या कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचा. मग विवरांच्या काठांचे कंगोरेसुद्धा दिसत.

त्या दिवशी अष्टमी होती. शिडी पलीकडच्या भिंतीला टेकवलेली सापडली. कॅमेऱ्यातलं कार्ड सापडलंच नाही. काका म्हणाले, ते पूर्णा गावात हळदीला होते. हळदीतल्या लोकांनी दुजोरा दिला. केस मिटली.

तेराव्यानंतरच्या पौर्णिमेला मी आमच्या गच्चीवर दादाची दुर्बीण लावली. टॉलेमी विवराचा व्हिडिओ त्याच्याच पद्धतीने रचला. पौर्णिमेला विवरांत सावली नसते — ऊन समोरून पडतं, सगळं सपाट दिसतं. माझी प्रत्येक फ्रेम तशीच होती. रचलेल्या फोटोत मात्र अर्धं विवर काळं... अष्टमीला असतं तसं. तीनदा केलं. लॅपटॉप बदलून केलं. तेच.

प्रिंट घेऊन काकांकडे गेले. ते ओटीवर चहा पीत होते. त्यांनी चष्मा लावला.

"यो फोटू तुला कुठं गावला? ते कार्ड तर मी..."

"कार्ड तर काय, काका?"

काकी दारात उभी होती. "तुम्ही तर हळदीला व्हता ना? मंग कार्ड तुमच्याकडं कसा?"

काकांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"त्यानंच दाखवला, वर, स्क्रीनवर. बोलला, बघा काका, अर्ध्यात सावली हाय. मी खाली आलो नं फकस्त शिडी काढली, पोरी. म्हटलं, सही करतो बोलला का परत लावू. तो तसाच उतराया जाईल, असा वाटला न्हाय. मंग वर जाऊन कार्ड काढला, माझा आवाज त्यात आला असल म्हणून."

"आणि नंतर हळदीला जाऊन नाचलात," मी म्हणाले.

पोलिसांपुढे त्यांनी सगळं नाकारलं. काकी माहेरी गेली, परत आली नाही. मला वाईट वाटलं नाही.

ती सावली फोटोत कुठून येते, मला माहीत नाही. जाणकारांना फाइल्स दाखवल्या, त्यांनाही सांगता आलं नाही. दर पौर्णिमेला ती येते आणि दर पौर्णिमेला मी एक प्रिंट काकांच्या दाराखालून आत सरकवते. हिश्श्याच्या कागदावर दादाच्या जागी आता माझी सही लागते. मी ती देणार नाही.