यांचे बूट अजून वाळायचेत

सोमवारी दुपारी शेजारच्या अक्कांकडे फोन आला. आमच्या घरी फोन नव्हता. बेंगळुरात हेब्बाळच्या त्या टोकाला तेव्हा गल्लीत एकच फोन, तो अक्कांचा. मी कणीक मळत होते. अक्का कुंपणापलीकडून कानडीत नुसत्या "बा, बा", ये, ये, करत हात हलवत होत्या, आणि त्यांचा चेहरा पाहून मी कणकेच्या हातांनी तशीच धावले. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून कुणीतरी बोलत होतं. हे यंत्रापाशी उभ्या उभ्या कोसळले, दवाखान्यात नेलं, पण... पुढचं त्या माणसानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. फोनला कणीक लागली होती, ती मी पदरानं पुसत राहिले, एवढंच आठवतं. घरी आले तर व्हरांड्यात बुटांचे दोन जोड. माझा स्वच्छ पुसलेला, आत चिंध्या भरलेल्या. यांचा चिखलानं माखलेला, ओलाकिच्च. आदल्याच संध्याकाळी आम्ही सकलेशपूरहून मोटरसायकलवर भिजत परतलो होतो. यांनी नेहमीसारखे आधी माझे बूट केले आणि म्हणाले, "माझे उद्या आल्यावर करतो. आज कंबर फार बोलतेय." सकाळी चपला घालून कंपनीच्या बसनं गेले ते गेलेच.

बाईमाणसाला बूट कशाला, असं वाचणाऱ्यांना वाटेल. आमच्या नात्यातल्या सगळ्यांना वाटायचं, तुम्हांलाही वाटू दे. मी इथल्याच चिकपेटातली. आमचे पूर्वज कधी काळी इकडे आले आणि इथलेच झाले. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडाला रुमाल लावतात. माहेरी शिंपीकाम. हे निपाणीकडचे, नोकरीसाठी बेंगळुरात आलेले, मोजकं बोलणारे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल काही झालं नाही. पहिल्यांदा लोक विचारायचे, मग सल्ले द्यायचे, मग नुसतेच बघायचे. त्या बघण्याला कंटाळून एका शनिवारी हे म्हणाले, "चल, कुठंतरी जाऊन येऊ." तेव्हापासून चार दिवस सुट्टी मिळाली की आम्ही निघालोच. पहिल्याच फेरीत माझी चप्पल घाटातल्या चिखलात कुठं गेली ती गेली, तळपायाला खडा लागून रक्त आलं. परत आल्यावर यांनी इथल्या शिवाजीनगरच्या एका चांभाराकडे माझ्या मापाचे बूट करवून घेतले. साडीखाली ते काळे धोंडे! मी आरशात पाहून पोट धरून हसले. हे हसले नाहीत. खाली बसून नाड्या कशा बांधायच्या ते दाखवत होते.

पावसाळ्यात मलनाडाच्या डोंगरांत फिरायचं म्हणजे बूट रोज भिजणार. दिवसभर गाडी चालवून लॉजवर पोचलो की मी चहा मागवायची आणि हे खोलीबाहेरच्या कट्ट्यावर दुकान मांडायचे. चिखल ओला असतानाच काटकीनं काढायचा, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, नाड्या आणि सुखतळे काढून वेगळे धुवायचे. नळाखाली बूट धरायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, विस्तवाजवळ तर नावच नको. हे शेवटचं आम्ही फार महागात शिकलो. एकदा चिकमगळूरजवळ ओळखीच्या सुपारीवाल्यांच्या घरी उतरलो होतो. त्यांच्या अज्जीला आमची दया आली, आणि आम्ही जेवत असताना तिनं मायेनं यांचे बूट न्हाणीघरात, पाणी तापवायच्या चुलीच्या तोंडाशी नेऊन ठेवले. उठून बघतो तर चामडं आखडून पापड, आणि एका बुटाचा तळ जिभेसारखा बाहेर आलेला! मी तोंड उघडणार तेवढ्यात यांनी मला डोळ्यांनी दाबलं आणि अज्जीला म्हणाले, "छान गरम झालेत हं." पुढचे दोन दिवस यांनी फाटका तळ दोरीनं बांधून गाडी चालवली. मी मागे बसून अज्जीचा उद्धार करत होते. हे म्हणाले, "अगं, पाहुण्याचे बूट वाळवायला कोण उठतं आजकाल?"

आत भरायला मात्र काय, हा आमच्यातला पहिला मोठा वाद. हे म्हणाले वर्तमानपत्र. मी म्हटलं, मी मेले तरी नाही! आमच्याकडे कागदाला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात, आणि तुम्ही सरस्वतीला बुटात कोंबणार? मराठी पेपर इथं आधीच एक दिवस शिळा यायचा, पण म्हणून त्याची ही गत? पुढच्या खेपेला मी चिकपेटला भावाकडे गेले आणि कापून उरलेल्या सुती चिंध्यांचं एक पोतं भरून आणलं. ते पोतं आमच्याबरोबर अर्धा कर्नाटक हिंडलं. रात्री चिंध्या बुटात ठासायच्या, उठल्यावर बदलायच्या, ओल्या झालेल्या धुऊन लॉजच्या कठड्यावर वाळत घालायच्या. लाल, पिवळ्या, फुलाफुलांच्या चिंध्या वाऱ्यावर उडताना पाहून मडिकेरीच्या एका मॅनेजरनं विचारलं, "तुम्ही टेलर का?" हे गंभीरपणे म्हणाले, "नाही, जावई."

आणि हे सगळं ते दोन्ही जोडांना करायचे. आधी माझा, मग त्यांचा. स्वतःच्या बुटांना मला कधी हात लावू दिला नाही. मी हट्ट केला की म्हणायचे, "तुझं काम मागं बसून बडबड करायचं, तेवढं करतेस तेच पुष्कळ." नवऱ्यानं बायकोच्या पायताणाला हात लावावा, हे आमच्या घरांत कुणाच्या पचनी पडणार? एकदा माझे दीर अचानक आले, तेव्हा हे व्हरांड्यात माझा बूट मांडीवर घेऊन बसले होते. भावजींचा चेहरा असा झाला की जणू घरात चोर पाहिला. "अण्णा, तू वैनीचे बूट पुसतोस?" हे मान वर न करता म्हणाले, "तिचे पाय ओलीनं फुटतात. तुझे फुटत असतील तर तुझेही पुसतो, काढ." भावजी त्या दिवशी चहा न घेता गेले. मला लाजही वाटली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

दिवस झाले. तेराव्याला जे द्यायचं ते दिलं, छत्री दिली, नव्या चपला दिल्या. पाहुणे पांगले. भावजी तेवढे मागे राहिले आणि हळूच म्हणाले, "वैनी, गेलेल्या माणसाचे बूट घरात ठेवू नयेत. कारखान्यातल्या वॉचमनचा पाय अण्णाएवढाच आहे. त्याला देऊन टाकू." बोलण्यात खोट नव्हती, माणूस वाईट नाही. गाडी गेली तरी चालेल, मनात म्हटलं, मला कुठं चालवता येते? कपडे गेले. पण हे बूट गेले तर या घरात यांचं असं काम उरणार नाही जे अजून संपायचं आहे. मी म्हटलं, "ओले आहेत हो. ओले बूट कुणाला द्यावेत का?" भावजी म्हणाले, "सरी, बरं, वाळले की नेतो." आणि मग दर रविवारी यायला लागले. फाटकातूनच विचारायचे, "वाळले का, वैनी?"

यांचे बूट मी त्याआधी हातात कधी घेतलेच नव्हते. काटकीनं चिखल काढला. तो वाळून दगड झाला होता, म्हणून आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा लागला. आत मात्र अजून ओल होती, बुरशी धरली होती. सुखतळा बाहेर काढला तर त्यावर यांचा पाय उमटलेला, अंगठा, टाच, सगळं. तो मी पुसला नाही. रोज सकाळी चिंध्या बदलल्या, रोज संध्याकाळी बदलल्या. बाहेर आमचा तो बेंगळुरी पाऊस, धड पडत नाही, धड थांबत नाही, काही म्हणून वाळत नाही. मला त्याचं इतकं बरं वाटायचं! दिवसभरात बोलायला कुणी नाही, अक्का येतात, "स्वल्प जेवलीस का?" विचारतात आणि जातात. मग मी आणि बूट. "आज डावा जरा सुधारलाय हं," असं मी मोठ्यानं म्हणायची. ऐकायला भिंती. रात्रीचा भात दोघांचा शिजायचा, तो सकाळी गाईला. लोक म्हणतात, काळ औषध आहे. असेल बाई. मला अजून गुण आलेला नाही.

मग एका शनिवारी उजव्या बुटाच्या टोकातून चिंधी ओढली, तर ती कोरडी निघाली. गालाला लावून पाहिली. कोरडी ठणठणीत. डाव्यातलीही कोरडी. मी चिंधी हातात धरून तिथंच बसले. उद्या रविवार. भावजी येणार, विचारणार, आणि खोटं बोलायला मला तोंड नाही; ते हात घालून बघतील. वॉचमन ते बूट घालून कारखान्याच्या फाटकाशी उभा राहील, त्याचं भलं होवो, पण... नाही. नाहीच जमणार मला.

रविवारी सकाळी पाऊस भुरभुरत होता. मी दोन मोजे एकावर एक चढवले, यांचे बूट पायात घातले, नाड्या करकचून बांधल्या आणि बाहेर पडले. अक्का दारात उभ्याच्या उभ्या राहिल्या. मी हेब्बाळच्या तळ्याच्या काठानं चालत गेले. जिथं म्हशी उतरतात तिथं मुद्दाम चिखलात शिरले, घोट्याच्या वर चिखल येईपर्यंत. पाय आत नुसते डचमळत होते. कुणी हसलं, हसू दे. परत आले तर भावजी फाटकाशी. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि पहातच राहिले.

"वैनी... हे काय केलंत?"

"भिजलेत, भावजी. पुन्हा वाळायला पाहिजेत."

मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी छत्री मिटली, परत उघडली. "सरी," म्हणाले, "सावकाश वाळू दे." आणि तसेच मागे वळून बस स्टॉपकडे गेले. पुढच्या रविवारचं काही बोलले नाहीत.

मी पायरीवर बसले. नाड्या भिजून फुगल्या होत्या, गाठ काही सुटेना. खरं सांगते, मला सोडवायचीही नव्हती.