कुलदैवत सांगा आणि आत या

आमच्या घराण्याची वेबसाइट हॅक झाली तेव्हा हॅकरचं वय सत्तरीच्या पुढे होतं आणि सायबर कॅफेच्या पायऱ्या तिला दोघांनी धरून चढवल्या होत्या.

ही माझी नांदगावची आत्या. पण तिला दोष देण्यात अर्थ नाही. दार उघडं ठेवणारा थोर कारागीर मी होतो.

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये मी वेब डिझायनिंगचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं होतं, त्यामुळे विद्या पक्की झाली होती. नोकरी मात्र कोणी देत नव्हतं (नाशिकला गुणांची कदर नाही, असं मी तेव्हा रोज म्हणायचो). मग मी आमच्या अख्ख्या भावकीची वेबसाइट काढली. प्रत्येकाचं वेगळं पान. त्यात फोटो, शिक्षण, हुद्दा. ज्याने त्याने आपला पासवर्ड टाकून आपलं पान लिहायचं आणि ते साऱ्या जगाने वाचायचं. जग टपून बसलंच होतं!

पासवर्डची व्यवस्था काही मी केली नव्हती. तसली कामं प्लगइन करतं. प्लगइन म्हणजे तयार मसाल्याचं पाकीट. फोडायचं आणि वेबसाइटमध्ये ओतायचं. मी फुकटातलं ओतलं. ते कोणी बनवलंय, आत काय घातलंय, हे बघायची आमच्या क्लासमध्ये पद्धत नव्हती.

आठवड्याभरात सगळी भावकी पासवर्ड विसरली. प्लगइनमध्ये त्यावरही सोय होती. गुप्त प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं की लगेच नवा पासवर्ड. प्रश्न होता, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

आत्याचा फोन आला. "पम्या, म्हशीला कोन नाव ठेवतं रं?"

मुद्दा बिनतोड होता. मी प्रश्नच बदलला. आपल्या माणसांना जन्मात विसरता येणार नाही असा अस्सल देशी प्रश्न घातला: तुमचं कुलदैवत कोणतं?

काय डोकं चाललं होतं माझं! एकही जण उत्तर विसरला नाही. सगळ्यांनी एकमुखाने खंडोबा लिहिलं. एका भावकीचं कुलदैवत एकच असतं, ही किरकोळ बाब तेवढी माझ्या नजरेतून निसटली.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, पुण्याचं स्थळ आलं. मुलगा निखिल, सॉफ्टवेअरमधला. कांदेपोहे झाले, दोघं गच्चीवर जाऊन बोलली, आणि खाली आली तेव्हा वैशाली लाजत वगैरे नव्हती, चक्क खूश होती.

"चौकशी करून कळवतो," मुलाचे वडील निघताना म्हणाले.

"काका, चौकशीला कुठे हिंडता? आमची वेबसाइट बघा ना!" मी छाती फुगवून म्हणालो.

वैशालीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "दादा, मला तो आवडलाय. तू एवढंच कर, काहीही करू नकोस."

"अगं, बँकेसारखी सेफ आहे!"

दुसऱ्याच दिवशी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या पानावर 'घराण्यातील पहिले पदवीधर' याच्यापुढे चार शब्द वाढले: 'ऑक्टोबरच्या परीक्षेत, अगदी काठावर.' हे काम धाकट्या भावाचं, भास्करकाकांचं, हे अण्णांनी तत्काळ ओळखलं. संध्याकाळी भास्करकाकांच्या पानावर मजकूर आला: 'मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटलो, तरी अण्णांनी मला सांभाळून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.'

"अण्णा, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी? छे! भास्करने मन मोकळं केलंय. मला तर भरून आलं!"

मग लोण पसरलं. आमच्या भावकीत स्वतःचं पान कोणी लिहीना, सगळे दुसऱ्याचं लिहू लागले! मी तज्ज्ञ या नात्याने निदान केलं, व्हायरस. आणि प्रत्येकाला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं.

आणि मग वैशालीच्या पानावर उगवलं: 'पोरगी गुणाची हाय. पन सकाळी आठशिवाय उठत नाय. पोळ्या लय जाड करते. रागावली का दोन दिस बोलत नाय.'

भाषा ओळखून मी नांदगावला फोन लावला. "आत्या, तू वैशालीच्या पानात कशी शिरलीस?"

"शिरले? आरं, त्यानं इचारलं कुलदैवत कोन्तं, मी कॅफेवाल्याला सांगितलं खंडोबा लिव्ह. लगेच म्हनला या आत. मी काय भितीवरनं उडी मारली व्हय?"

"अगं, लग्न मोडेल ना तिचं!"

"खोटं हाय का त्यात काय? लगीन झाल्यावर कळन्यापरीस आधी कळंल!"

मी खोडायला धावलो, तर सगळी पानं उघडणारा माझाच पासवर्ड चालेना. नाइलाजाने गुप्त प्रश्नाकडे गेलो, खंडोबा लिहिलं आणि अल्लाद आत पोचलो. तिथे मला पहिल्यांदा घाम फुटला. मजकूर खोडून बाहेर येतो तोच मुलाच्या वडिलांचा फोन. "वेबसाइट वाचली. रविवारी येतो, समोरासमोर बोलू."

वैशाली ओरडली असती तर परवडलं असतं. ती खोलीत जाऊन रडली. मला खरंच फार वाईट वाटलं.

रविवारी पाहुणे आले. चहा झाला.

"मुलीच्या पानावरचं खोडलंत वाटतं?" मुलाच्या वडिलांनी मला विचारलं. "ते लिहिलं कोणी हे बघायला मी तुमच्या नावाने आत गेलो होतो."

"माझ्या नावाने? पण पासवर्ड?"

"त्याने प्रश्न विचारला ना. आमचंही कुलदैवत खंडोबाच."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचे कप गोळा करायला लागलो.

"चौकशीत नातेवाईक कधी खरं सांगतात का?" मुलाचे वडील पुढे म्हणाले. "सगळे गोडगोड बोलतात. तुमच्याकडे मात्र सगळे दुसऱ्याच्या नावाने खरं बोललेत! आणि जाड पोळ्यांचं म्हणाल तर आमच्याकडे पोळ्या निखिल करतो. मुलगी पसंत आहे. फक्त एक अट, ती वेबसाइट आधी निखिलच्या हवाली करा."

दाराआड वैशाली हसली. आत्या तर आजही सांगते की ते लग्न तिनेच जमवलं.

निखिलने ते प्लगइन उपटून टाकलं आणि प्रत्येकाला वेगळा गुप्त प्रश्न दिला. माझा प्रश्न वैशालीने निवडला: 'ही वेबसाइट कोणी बुडवली?'

मी अजून बाहेरच आहे. दर वेळी 'भास्करकाका' लिहून बघतो, पण निखिलचं प्लगइन फार कडक आहे!