उघड्या भावाचा बाजार

माझा भाऊ गुरुसिद्धप्पा बाजारातच मेला. देवगाव फाट्याच्या बैलबाजाराचा ठेका त्याच्याकडं होता. एका माजलेल्या वळूनं त्याला भर गर्दीत शिंगावर घेतलं, पोट फाडलं आणि खाली टाकून तुडवलं. एवढी माणसं होती, सगळी बघत उभी राहिली. पुढं धावली ती फक्त त्याची बायको, माझी वैनी नागुबाई. कुणाच्या तरी गाडीतली कुऱ्हाड ओढून तिनं उलट्या बाजूनं वळूच्या नाकाडावर असे घाव घातले की तो गुडघ्यावर बसला. आम्ही लिंगायत माणसं, दर सोमवारी नंदीपुढं हात जोडणारी. वैनीनं त्या दिवशी नंदीचं थोबाड फोडलं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. भाऊ मात्र वाचला नाही.

ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट. नामांतराच्या दंगलीत गावं जळाली त्याला तीन वर्षं झाली होती. त्या वेळी घरं जळालेली माणसं मिळेल त्या भावात बैल विकून गेली आणि बाजाराचं नाव खराब झालं ते झालंच. दरवर्षी पाडव्याच्या आधी पंचायत बाजाराची हर्रासी करायची. जो जास्त बोलेल, त्याला वर्षभराचा ठेका. भावानं त्या सालचे पैसे भरलेले होते, म्हणून उरलेले महिने वैनीकडं आले. तिला लेकरूबाळ नव्हतं, शेत दिरांच्या वाट्यात अडकलेलं. बाजार हातचा गेला तर तिनं माहेरी जाऊन भावजयांची भांडी घासायची, एवढंच उरलं होतं. ती मला म्हणाली, "रेवण, हा बाजार मी सोडत न्हाई. मेले तर इथंच मरन." मी तिचा धाकटा दीर, पावत्या फाडायला बसायचो.

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचे. मग दलाल तसाच विकणाऱ्याचा हात धरायचा. दोन रुमालांच्या मध्ये किती गळालं, ते दलालालाच ठाऊक. ठेकेदारानंही रुमालाखाली हात घालायचा आणि खरा भाव बोटांनी समजून घ्यायचा, कारण त्याचा हिस्सा भावावर असे. आता बाईमाणसानं परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा? आणि माझ्या उजव्या हाताची तीन बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. उरलेल्या दोन बोटांवर कुठला दलाल हजार-शंभर सांगणार! तो व्यंकटराव, सगळ्या दलालांचा म्होरक्या, माझ्या हाताकडं बघून म्हणायचा, "रेवणसिद्ध, तुज्यासंगं शेळीचाबी सौदा व्हायचा न्हाई." वर निम्मा भाव सांगून निम्मा हिस्सा आमच्यापुढं टाकायचा.

लोक पुढं म्हणाले की नागुबाईनं गरिबांसाठी रुमाल बंद केला. काही नाही. रुमालाखालचं तिला दिसत नव्हतं म्हणून तिनं तो बंद केला.

पुढच्याच बाजारात ती सौद्याच्या घोळक्यात शिरली आणि व्यंकटरावाच्या हातावरचा रुमाल तिनं ओढून काढला. "आजपासून भाव तोंडानं. ज्याला लाज वाटती त्यानं दुसरा बाजार बघावा." व्यंकटरावानं तिच्या कानाखाली लगावली. भर बाजारात, विधवा बाईच्या. ती भेलकांडली, सरळ झाली, शेजारच्या पोराच्या हातातला आसूड घेतला आणि त्याच्या तोंडावर ओढला. भुवईपासून हनुवटीपर्यंत कातडं उकललं. दोन दलाल तिच्यावर धावले, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांना धरून असं कुटलं की एकाचा खांदा निखळला. पुष्कळांचे वर्षानुवर्षांचे हिशेब तुंबलेले होते, ते त्या दिवशी फिटले.

त्यानंतर बाजार फुगला. पाथरीकडून, जिंतुराकडून माणसं यायला लागली. वैनीनं पाण्याचा मोठा हौद बांधला, सावलीला मांडव घातले. जोडी विकायची तर भरल्या गाडीला जुंपून दाखवायची आणि आठवड्यात बैल बसला तर परत घ्यायचा, असा नियम तिनं केला. भाव पुकारायला आश्रुबा नावाचा माणूस ठेवला. काय आवाज होता त्याचा! फाट्यावर एसटीत बसलेल्या माणसाला कळायचं की कुणाची जोडी कितीला गेली. "चारठाण्याच्या चंद्रभानची खिलारी जोडी," तो एकदा ओरडला आणि पुढं असा भाव सांगितला की सगळा बाजार वळून बघायला लागला. चंद्रभान लाजून हसत होता. त्याला पाण्याचं इंजिन घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चंद्रभान चारठाण्याच्या वाटेवरच्या ओढ्यात सापडला. दगडानं डोकं ठेचलेलं, इतकं की त्याच्या बायकोनं त्याला पायातल्या चपलेवरून ओळखलं. कंबरेचा पैशांचा कसा कापून नेलेला.

ती बायको, दगडाबाई, पुढच्या बाजारी आली. हातात जुवाची शिवळ, हातभर लाकडी खुंटी. ती सरळ वैनीपाशी गेली आणि तिनं शिवळ तिच्या तोंडावर मारली. वैनीचे पुढचे दात पडले, रक्त लुगड्यावर सांडलं. मी मध्ये पडायला गेलो तर वैनीनंच मला हातानं मागं सारलं. "माज्या मालकाचा भाव साऱ्या मुलखाला वरडून सांगितलास तू," दगडाबाई म्हणाली. "चोरानं ऐकला. तू मारलंस त्यांना." आणि परत मारली. वैनीनं हात उचलला नाही.

व्यंकटराव तोंडावरचा वण घेऊन मागं उभा होता. तो म्हणाला, "बाई, रुमाल लाज झाकायला नव्हता. माणसाचा जीव झाकायला व्हता." मला त्याचा इतका राग आला की त्याचा गळा दाबावासा वाटला. राग यासाठी की तो माणूस खरं बोलत होता.

बाजार ओस पडला. उघडा भाव घेऊन घरी जायची कुणाची छाती होईना. हौदावर कावळे बसायला लागले आणि हर्रासी जवळ येत चालली. वैनी सुजलेल्या तोंडानं दोन दिवस ओसरीवर बसून होती. मग म्हणाली, "भाव उघडाच ऱ्हाईल. पैसा झाकायचा." म्हणजे असं की गिऱ्हाइकानं पैसे तिच्याकडं द्यायचे, विकणाऱ्यानं रिकाम्या हातानं घरी जायचं आणि पुढच्या बाजाराच्या आत वैनी स्वतः त्याच्या दारात पैसे नेऊन देणार. कुठल्या दिवशी, कुठल्या वाटेनं, ते कुणाला सांगायचं नाही. मला वाटलं, कुणी विश्वास ठेवणार नाही. पण ज्या बाईनं मार खाताना हात उचलला नव्हता, तिच्यावर लोकांनी ठेवला. थोडे आले, त्यांचे पैसे पोचले, मग आणखी आले.

चारठाण्याकडची पाळी नेमकी बाजाराच्या दिवशी सकाळी आली. गाडीत सरकीच्या पेंडीची पोती, पोत्याखाली पैसे, वर मी आणि वैनी. ओढ्यात उतरलो आणि तोंडाला फडकी बांधलेली दोन माणसं झाडीतून आली. एकानं माझ्या डोक्यात काठी घातली. मी चाकापाशी पडलो, डोळ्यांत रक्त उतरलं. दुसरा वैनीवर कोयता रोखून ओरडला, "पोती खाली टाक!"

तोंड झाकता येतं, आवाज कुठं झाकणार? तो आश्रुबा होता. सकाळी पोती गाडीत चढवायला तोच होता. चंद्रभानच्या जोडीचा भाव त्यानंच स्वतःच्या तोंडानं पुकारला होता आणि मग तोच त्याच्या मागं गेला होता.

वैनीनंही तो आवाज ओळखला. कोयता तिच्या दंडात बसला तेव्हा ती हलली. गाडीतली कुऱ्हाड उचलून तिनं उलट्या बाजूनं त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला पडल्या जागी ऐकू आला. तो आडवा झाला, तरी तिनं दुसऱ्या पायावर घातली. साथीदार पळाला तो पळालाच. आश्रुबा रडत, ओरडत गयावया करायला लागला, "माय, मारू नगंस, माय." वैनीनं त्याला कासऱ्यानं बांधून गाडीत टाकलं.

मी म्हणालो, "वैनी, ठाण्यात नेऊ याला."

"आधी बाजारात," ती म्हणाली. "माज्या बाजारावर खुनाचा डाग हाय. कुणी लावला ते लोकांनी बघू दे. मग घिऊन जाऊ ठाण्यात."

माझी वैनी शहाणी होती, पण त्या दिवशी तिला फक्त बाजार दिसत होता. माणसं काय असतात, ते ती विसरली. गाडी मांडवापाशी थांबली, फडकं काढलं, आणि तिनं दोन वाक्यांत काय ते सांगितलं. तिसरं वाक्य कुणी ऐकलं नाही. लोकांनी आश्रुबाला गाडीतून ओढला. काठ्या, दगड, जोडे, जे हातात होतं ते पडत होतं. मोडक्या पायांनी तो बैलांच्या मध्ये सरपटत होता, बैल बुजून लाथा घालत होते. वैनी त्याच्यावर आडवी पडली. "सोडा! पोलिसाला द्यायचाय!" तिच्या पाठीवर काठ्या बसल्या, तिची बोटं कुणाच्या तरी टाचेखाली चेंगरली. लोकांनी तिला उचलून बाजूला फेकलं. तेवढ्यात गर्दीतून दगडाबाई आली. लोकांनी तिला वाट करून दिली. तिनं तीच शिवळ दोन्ही हातांनी वर नेली आणि त्याच्या कपाळात घातली. एकदाच. आश्रुबा पुन्हा हलला नाही.

पोलीस आले. कुणी काही बघितलं नव्हतं, असा तो बाजार. दगडाबाई शिवळ मांडीवर घेऊन खाली बसली होती, तिचं लहान पोरगं तिच्या पदराला धरून रडत होतं. फौजदारानं विचारलं, "कोणी मारला?" दगडाबाईनं तोंड उघडलं, पण वैनी तिच्या आधी बोलली. "मी. पाय मी मोडले, डोकंबी मीच फोडलं. बाजार माजा हाय." तिनं पुढं होऊन दगडाबाईच्या हातातून शिवळ काढून घेतली.

मी तिचे पाय धरले. "वैनी, हर्रासी महिन्यावर आली. सगळं जाईल."

"जाऊ दे. हिचा मालक माज्या पुकाऱ्यानं गेला. हिच्या लेकराची माय मी न्हेऊ व्हय?"

तिला परभणीच्या जेलात ठेवलं. पाडव्याच्या आधी पंचायतीपुढं हर्रासी झाली. कधी नव्हे एवढी गर्दी लोटली होती. पार परजिल्ह्यातले ठेकेदार आले होते, कारण सगळीकडं एकच बोलणं होतं की या बाजारात फसवणूक नाही, पैसा घरपोच मिळतो आणि चोराला तिथं मरण आहे. बोली चढत गेली. गेल्या सालाच्या तिप्पट झाली तेव्हा व्यंकटराव शेवटचा आकडा बोलला आणि ठेका त्याला मिळाला. त्यानं वैनीचा एकही नियम मोडला नाही. भाव मोठ्यानं पुकारला, बैल गाडीला जुंपून बघितले, पैसे माणसं पाठवून घरपोच केले. मला म्हणाला, "रेवणसिद्ध, पावत्यांना तूच बस." मी त्याच्या तोंडावर थुंकलो. त्याच्या माणसांनी माझी बरगडी मोडली.

बरगडी बांधून मी परभणीला वैनीला भेटायला गेलो. ती जाळीपलीकडं बसली होती, दंडाची जखम अजून चिघळलेली. ती म्हणाली, "केवढ्याला गेला?"

मी आकडा सांगितला.

ती हसली. दात पडलेल्या तोंडानं, लहान पोरीसारखी हसली. "येवढा मोठा झाला व्हय रं माजा बाजार?" आणि मग ती जाळीला डोकं टेकवून मोठ्यानं रडायला लागली. भाऊ मेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. शिपाई वेळ संपली म्हणून सांगायला आला, तरी ती रडतच होती.