भाऊजींची एकच लेन्स

शेजारी फोटोग्राफर असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, भिंतीपलीकडून आपोआप येतात. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत पांडूभाऊजींचा स्टुडिओ घरातच. आणि मी ही अशी, विचारल्याशिवाय न राहणारी!

भाऊजींकडे लेन्स एकच. झूम नाही. काढलेला फोटो कडेनं कापायचाही नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "वहिनी, माणूस मोठं दिसायला पायजे तर आपण चालत जवळ जायचं. डोळ्याला झूम हाय काय?"

*

हुपरीच्या एका लग्नात मंगळसूत्र घालताना भाऊजी इतके पुढं घुसले, की नवरदेव ओरडला, "ओ पावणं, तुम्हीच घालताय काय!"

नवरीच्या पापणीवरचं पाणीसुद्धा आलं फोटोत. पण तिथल्या पुढच्या ऑर्डरी दुसऱ्याला गेल्या.

*

एका पतसंस्थेच्या सभेत त्यांना स्टेजजवळ सोडलं नाही. फोटोत मंडप, खुर्च्या, डुलक्या घेणारे सभासद, आणि चेअरमन तांदळाएवढे!

"साहेब कुठं हायत?"

"हुते तिथंच हायत की!"

*

सगळ्या गावाची तोंडं जवळून काढली, पण स्वतःच्या बायकोचा, आमच्या शालनवहिनींचा, एक धड फोटो नाही. भाऊजी कॅमेरा घेऊन जवळ गेले की वहिनींचा पदर तोंडावर. "अवो, लोक बघत्यात. लांब सरका!"

लांबनं भाऊजी काढायचे नाहीत. मग वहिनींचा टोमणा, "मी गेल्यावर भिंतीला काय लावशिला?"

"तू आदी पदर काढ की!"

वर्षानुवर्षं हेच. आम्ही भिंतीअलीकडं हसायचो.

*

मग वहिनींना रक्ताचा आजार निघाला. दवाखान्यात काचेच्या खोलीत ठेवलं. बाहेरचा जंतू आत जायला नको, म्हणून नवऱ्यालाही आत मनाई. आम्ही सगळे काचेबाहेर.

एका सकाळी वहिनींनी आतून फोन केला. "अवो, काढा की आता. पदर न्हाई तोंडावर."

लेक म्हणाली, "बाबा, माझ्या मोबाईलला झूम हाय. ह्यानं काढा."

भाऊजींनी आपलाच कॅमेरा काचेला टेकवला.

तेराव्याला तोच फोटो भिंतीवर. पलंग, सलाईन, लांबलचक रिकामी फरशी, आणि पलीकडं नखाएवढ्या वहिनी. चंदगडचे पाहुणे पार नाक लावून बघत होते.

"ह्यात माणूस कुठाय ओ? जरा कापून, मोठा करून आणायचा हुता."

भाऊजी हार सरळ करत म्हणाले, "न्हाई. एवढ्याच लांब उभं केलतं मला."