किल्ल्यावरून आणलेली भूक

सोमवारी दुपारी माझी बायको वारली. तिला विषमज्वर झाला होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि पेटी न उघडता ते गेले. संध्याकाळी कृष्णेकाठी मी तिला अग्नी दिला.

परतताना घाटाच्या पायऱ्या मला चढवेनात. दोघांनी काखेत हात घालून मला वर आणलं. ते पाहून साताऱ्याहून आलेले माझे मामा म्हणाले, "तेरावं झालं की याला मी घेऊन जातो. डोंगर चढायला लावतो. बघा कसा माणसात येतो ते." मी सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. मूलबाळ नव्हतं. शाळेने रजा दिली आणि मी मामांच्या मागोमाग साताऱ्याला गेलो.

मामा मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले. त्यांच्यासारख्या चार-पाच जणांची एक मंडळी होती. रोज पहाटे ते 'किल्ला करायचे', म्हणजे अजिंक्यतारा चढून उतरायचे. मी त्यांच्यात नवा. इतकी किळसवाणी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. भेटल्यावर नमस्काराच्या जागी ते एकमेकांना विचारत, "काय, साफ झालं?" मग उत्तर येई, आणि तेही तपशिलाने. चढताना प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी घसा खरवडून थुंके आणि थुंकलेलं वाकून पाही. वर मंगळाईच्या देवळापाशी पोचलं की सगळे सदरे काढत, उपरण्याने काखा पुसत आणि त्याच उपरण्यात बांधून आणलेले भिजवलेले हरभरे पुढे करत. मी नको म्हटलं की मामा रागावत.

त्यांच्यात एक सुभेदार होते, पलटणीतून आलेले, गाव कऱ्हाडकडचं. मी दगडावर टेकलो की ते ओरडत, "आवं मास्तर, बसताय काय? तंगड्या थंड पडल्या की घोडं न्हाई उठायचं!"

"दम लागलाय," मी म्हणायचो.

"लागू द्या की! दम लागतोय म्हंजे मानूस जित्तं हाय."

सगळे हसत. मी उठून चालू लागे.

आणि किल्ल्याचा गुण येत गेला. हे मला लिहिणं भाग आहे, कारण ते खरं आहे. आधी पोटऱ्या दुखायच्या राहिल्या. मग अंथरुणावर पडल्याबरोबर झोप लागू लागली. चढावर माणसाला नीट दुःख करता येत नाही, हेही तिथेच कळलं. पुढचं पाऊल कुठे टाकायचं आणि श्वास कसा पुरवायचा, एवढंच डोक्यात उरतं. वर पोचून पाण्याचा घोट घेतला की बरं वाटे. तिला जाऊन चार महिने झाले नव्हते आणि मला बरं वाटत होतं.

एका सकाळी मामींनी भाकरी आणि पिठलं वाढलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मामी डोळे पुसत आत गेल्या आणि लोण्याचा गोळा घेऊन आल्या. मी तोही खाल्ला. मग मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. हाताला पिठल्याचा वास येत होता. तिच्या शेवटच्या आठवड्यात चमचाभर पेजही तिच्या पोटात राहत नव्हती. मला माझ्या दातांची, जिभेची, सगळ्या शरीराची शिसारी आली. त्या शरीराला दुपारी पुन्हा भूक लागली.

श्रावण संपत आला तेव्हा मंडळीत एक नवे गृहस्थ दिसले. वाईचे वकील होते. पायात कोरे कॅनव्हासचे बूट. मामा मला म्हणाले, "तू पुढे हो. जरा भरभर चढ." मला वाटलं, पाहुण्यांना रस्ता दाखवायचा असेल. मी चढलो. किल्ल्याच्या दरवाज्यापाशी थांबलो तेव्हा मामा, वकील आणि सुभेदार धापा टाकत मागून आले.

"यांना दम फारसा लागत नाही," वकील मामांना म्हणाले. मी समोरच होतो.

"छे! आला तेव्हा दर पाच पावलांवर बसायचा. आता बघा."

"खाणं?"

"तीन भाकऱ्या, वर लोणी."

सुभेदार म्हणाले, "पाठीला हात लावून बगा की वकीलसाहेब. भरतीला आलेली पोरं आमी अशीच तर बगायचो."

वकिलांनी खरोखर माझ्या घामेजल्या पाठीवर पंजा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवून ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "आमची मुलगी अठराची आहे. मराठी सात यत्ता झाल्यात."

लोणी कशासाठी होतं ते मला कळलं. मी म्हणालो, "सकाळी खोकल्यातून रक्त पडतं."

हात उचलला गेला. वकिलांनी तो आधी धोतराला पुसला, मग भिंतीच्या दगडाला. सुभेदार मला काही बोलणार होते, पण ते दोन पावलं मागे सरकले.

उतरताना मामा माझ्याबरोबर एकटेच होते. "तुझं थुंकणं मी रोज बघतो. रक्ताचा टिपूस नाही. खोटं का बोललास?"

"तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही, मामा."

"पुरुषाला कसलं रे वर्ष! तुझ्या भल्याचंच बघत होतो ना मी?"

"मला खायला घालून दाखवायला नेलंत."

"मग काय, तू सांगलीत होतास तसा दाखवायचा होता? काडी झाली होती तुझी काडी!"

ते भल्याचंच पाहत होते, आणि म्हणूनच मला त्याची जास्त किळस आली.

मामांनी मामींना खरं काय ते सांगितलं. तरी दुसऱ्या दिवसापासून माझी कपबशी खिडकीत वेगळी राहू लागली. "खबरदारी घेतलेली बरी," मामी म्हणाल्या. मी सांगलीला परतलो, पण क्षयाची बातमी माझ्या आधी पोचली होती. हेडमास्तरांनी दाखला मागितला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि अशी निरोगी छाती पुष्कळ दिवसांत पाहिली नाही म्हणाले. दाखला मिळाला, नोकरी राहिली. शिक्षकांच्या खोलीत मात्र माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, आणि मुलगी सांगून यायची बंद झाली.

आता मामा नाहीत. मी सांगलीतच, त्याच घरात राहतो. दुसरं लग्न केलं नाही. प्रकृती चांगली आहे.